नाल्याच्या दोन काठांवरचा रेला

चंद्रपूर

मी वाघ बघायला आलेली नाही, हे चंद्रपुरात मला पहिल्याच दिवशी तीन-चार जणांना समजावून सांगावं लागलं. स्टेशनवरचा रिक्षावाला तर नाराजच झाला. "मंग कायले आल्या?" त्यानं विचारलं. मैत्रिणीकडे आले आहे म्हटल्यावर थोडा विचार करून म्हणाला, "हिवाळ्यात आल्या, बरं केलं. उन्हाळ्यात इथी कोणी सख्खी बहीणसुद्धा येत नाई."

मैत्रीण म्हणजे मृणाल. आम्ही दोघी नाशिकला एकाच कथक वर्गात होतो. तो वर्ग मोठ्यांचा. चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा घुंगरू बांधलेल्या आम्ही पाच-सहा बायका. कोणी शिक्षिका, कोणी दुकान चालवणारी. मी विमा कार्यालयात. आमच्या गुरू फार गोड स्वभावाच्या. मोठ्या वयाच्या विद्यार्थिनी दुखावतील म्हणून त्या सगळ्यांना "छान" म्हणायच्या. एकमेकींना आम्हीही "छान" म्हणायचो. फक्त मृणाल म्हणायची नाही. "तुझा तिसरा चक्कर डावीकडे ढळतो," असं ती सगळ्यांसमोर सांगायची आणि मला घरी जाऊन तो चक्कर नीट होईपर्यंत झोप लागायची नाही. मग पुढच्या वर्गात मी तिच्या हातांवर लक्ष ठेवून बसायचे. असं आमचं काही वर्षं चाललं होतं.

ती रेशीम खात्यात आहे. तिची बदली इकडे झाली आणि माझे चक्कर पुन्हा ढळू लागले. आता मला कुणी सांगत नव्हतं, पण मला कळत होतं. ही गोष्ट फोनवर तिला सांगितली, तर ती म्हणाली, "सुट्टी काढ आणि ये. तुला दोन बायका दाखवते."

पहिल्या दिवशी आम्ही काहीच पाहिलं नाही. तिच्या घराच्या गच्चीवर कोळशाची बारीक काळी भुकटी बसते, ती रोज पुसावी लागते. ती पुसून झाल्यावर तिथेच तिनं मला तत्कार, म्हणजे कथकचं मूळ पदकाम, करायला लावला. "मान पुढे येते तुझी," ती म्हणाली. "पूर्वी येत नव्हती." मी तिला म्हटलं, तुझी टाच वाजत नाही. दोघींनाही बरं वाटलं.

मूल, सावली आणि पुढे

दुसऱ्या दिवशी मृणालच्या गाडीनं निघालो. चंद्रपूरहून मूलपर्यंतचा रस्ता जंगलातून जातो आणि मूल आलं की एकदम भाताचा प्रदेश सुरू होतो. राइस मिलच्या बाहेर कोंड्याचे ढीग, ट्रॅक्टरांची रांग आणि हवेत कोंड्याची धूळ. इथे भात म्हणजे शिजलेला. शेतातला तो धान. आमच्याकडे द्राक्षांवर जेवढं बोलतात तेवढं इथे चहाच्या टपरीवर धानावर बोलणं चालतं. सावलीच्या पुढे वैनगंगा ओलांडली. डिसेंबर असल्यानं पाणी पात्राच्या एका बाजूला सरकलं होतं आणि उरलेल्या वाळूत कोणीतरी डांगराचे वेल लावण्यासाठी आळी करत होतं.

गडचिरोलीत आम्ही जेवलो. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांगी घातलेले सुके झिंगे. झिंगे इतके तिखट होते की मी मृणालच्या ताटातला भातही संपवला. खानावळीच्या बाई उभ्या राहून बघत होत्या. "तिकडे तिखट नाई खात का?" त्यांनी विचारलं. खातो, मी म्हणाले, पण डोळ्यांतून पाणी येत असताना त्या उत्तराला वजन नव्हतं.

गावापर्यंतच्या उरलेल्या रस्त्यात मृणालनं मला गोष्ट सांगितली. बेलटोला आणि मुरमाटोला ही एका नाल्याच्या दोन बाजूंची गोंड वस्तीची गावं. बेलटोल्यात मृणाल कोशाच्या कामासाठी जाते. ऐनाच्या झाडांवर अळ्या वाढवून टसर रेशमाचे कोसे काढणारी घरं तिथे आहेत. धान कापून झाला की दर हिवाळ्यात दोन्ही गावांच्या बायका समोरासमोर रेला नाचतात. रेला म्हणजे एकमेकींच्या कमरेमागून हात गुंफून, रांगेनं, गाण्यावर धरायचा नाच. गाण्याच्या धृपदात "रेला रेला" येतं म्हणून ते नाव. शेजारच्या तिसऱ्या गावातले एक म्हातारे निकाल देतात. ज्या हरतील त्यांनी स्वयंपाक करायचा आणि जिंकलेल्यांना वाढायचं. बक्षीस एवढंच.

बेलटोल्याच्या पुढारीण सोमारीबाई, मुरमाटोल्याच्या मैनाबाई. दोघी जन्मल्या बेलटोल्यातच, बरोबरीच्या. मैनाबाई लग्न होऊन नाल्यापलीकडे गेल्या आणि तेव्हापासून एकमेकींविरुद्ध नाचतात. आता दोघींना नातवंडं आहेत.

बेलटोला

सोमारीबाई आम्हाला अंगणातच भेटल्या. उंच, काटक, आणि रागावलेल्या. मृणालला "जोहार" म्हणाल्या, मला म्हणाल्या, आणि लगेच मूळ विषयावर आल्या.

"ऐकलं का मॅडम? मुरमाटोल्याहून सांगावा आला. मैना नाई नाचत यंदा. बाकीच्या बाया येते म्हणे, नावाले!" त्यांनी हातातला झाडू भिंतीला टेकवला. "नावाले काऊन याव? नावाले येणाऱ्याईसंगं आमी काय नाचाव?"

पावसाळ्यात रोवणीच्या वेळी मैनाबाई बांधावरून घसरल्या आणि त्यांचा पाय मोडला होता. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण चालताना पाय ओढला जात होता. त्यांनी आपल्या बायकांना सांगून टाकलं होतं की आता आपलं झालं.

"मग तुम्ही सहज जिंकाल," मी म्हणाले. शहरातून आलेल्या माणसानं काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले.

सोमारीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कोणाले जिंकू?" त्या म्हणाल्या.

संध्याकाळी गोटुलासमोरच्या मोकळ्या जागेत सराव होता. गोटुल म्हणजे गावाची बसण्या-उठण्याची, ठरवा-ठरवीची जागा. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर. बाजूला धानाचे पुंजणे, म्हणजे पेंढ्यांचे ढीग, रचलेले. बायका शेतातून, जंगलातून येत होत्या. कोणी डोक्यावरचा सरपणाचा भारा तसाच खाली टाकून रांगेत उभी राहत होती. ढोल वाजवायला दोन पुरुष.

नाच सुरू झाला. मला तो चांगला वाटला. खाली वाकून एक पाऊल पुढे, एक बाजूला, आणि सगळी रांग एका वेळी सरकते. पण सोमारीबाई मध्येच थांबून ओरडायच्या. गोंडीत ओरडायच्या, त्यामुळे शब्द कळत नव्हते. बायकांच्या चेहऱ्यांवरून अंदाज येत होता. आमच्या वर्गात अशा सुरात कुणी बोललं असतं तर दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा झाला असता. इथे ज्या बाईला बोलणी बसली ती हसली, नाक पुसलं आणि पुन्हा वाकली.

मग आम्हा दोघींनाही रांगेत घेतलं. मृणालला जमलं. मला वाटलं होतं कथकचा काही उपयोग होईल. झाला तो असा की रांग उजवीकडे निघाली तेव्हा मी सवयीनं डावीकडे वळले, हात गुंफलेले असल्यानं शेजारची बाई माझ्याबरोबर आली, तिच्याबरोबर तिच्या शेजारची, आणि आम्ही तिघी पुंजण्याच्या पेंढ्यात बसलो. सगळ्या खूप हसल्या. माझ्या कोपराला खरचटलं. "तनिसावर पडल्या, चांगलं झालं," सोमारीबाई म्हणाल्या. "गोट्यावर नाई पडल्या."

रात्री सोमारीबाईंच्या घरी जेवताना मी त्यांना विचारलं, या वयात एवढं कशासाठी. हा प्रश्न मला नाशिकमध्ये सगळे विचारतात. मलाही कुणाला तरी विचारायचा होता.

त्यांनी भातात वरण कालवलं. मग म्हणाल्या, "एकट्या नाचलो त आमी नुसते हातपाय हालवतो, बाई. मैना समोर उभी राहून पाहून राह्यली असं मनात आलं, का कंबर आपोआप वाकते. तिच्या भेवानं नाचतो मी." त्यांनीच पुढे सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी मैनाबाईंनी एक वळण बसवलं. एक रांग मध्येच फुटते, दोन होतात, त्या एकमेकींतून आरपार जातात आणि हात न चुकता पुन्हा गुंफले जातात. त्या वर्षी बेलटोल्याची दाणादाण उडाली. सोमारीबाई तेव्हापासून ते वळण चोरायचा प्रयत्न करत होत्या. "निंदण काढता काढता करून पायलं. पाणी भरता भरता करून पायलं. त्याच्या नादात गाणं सुधरलं, पाय सुधरले. ते वळण काई आलं नाई."

मुरमाटोला

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमारीबाई म्हणाल्या, "चला, तिच्या घरी जाऊ." बरोबर गावातल्या आणखी सहा-सात बायका निघाल्या. नाल्यात घोट्याएवढं पाणी होतं, आणि गारठ्यानं पायांत कळ गेली.

मैनाबाई ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, शांत. काठी भिंतीला टेकवलेली. त्यांनी सगळ्यांना बसवलं, सुनेला काळा चहा करायला सांगितलं. बोलणी सुरू झाली ती धानावर, रानडुकरांनी केलेल्या नासाडीवर, कोणाच्या तरी लग्नावर. नाचाबद्दल कुणी शब्द काढेना. मी मृणालकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनी गप्प बस म्हणून सांगितलं.

चहा झाल्यावर सोमारीबाई उठल्या आणि बायकांना अंगणात रांगेत उभं केलं.

"हे पाह्य वो मैना. तुह्यं वळण यंदा आमी घेऊन राह्यलो. तू त नाचत नाईस."

मैनाबाईंनी मान वर केली नाही. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला. इकडे सोमारीबाईंनी गाणं धरलं. रांग निघाली, मध्ये फुटली, दोन झाल्या, एकमेकींत शिरल्या आणि तिथे सगळं अडकलं. एक बाई दुसरीच्या पाठीवर आदळली. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच अडकलं. अंगणात मुरमाटोल्याच्या बायका जमू लागल्या होत्या आणि तोंडावर पदर धरून हसत होत्या.

तिसऱ्यांदा अडकलं तेव्हा मैनाबाईंच्या हातातली चिंच खाली पडली.

"डावा नाई वो, उजवा!" त्या ओरडल्या. "अन् नजर पायाकडं काऊन? नजर पलीकडच्या बाईच्या खांद्याकडं ठेव! तुले इतके वर्स झाले, एवढंई कळलं नाई का?"

"नाई कळलं," सोमारीबाई म्हणाल्या. "तू कुठी सांगितलं?"

मैनाबाईंनी काठी ओढली आणि उठल्या. पाय ओढत अंगणात आल्या. एकेका बाईच्या खांद्याला धरून तिला जागेवर उभं केलं, काठीनं पावलं दाखवली, ढोपरावर काठी मारून वाकवलं. तासाभरानं बेलटोल्याच्या रांगा एकमेकींतून आरपार गेल्या आणि हात गुंफले गेले. सोमारीबाईंच्या तोंडून नुसता "हां!" निघाला. मैनाबाई घामानं भिजल्या होत्या. ओसरीवर जाऊन बसल्या आणि पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं असावं की आपण काय करून बसलो. त्यांनी आपल्या बायकांकडे पाहिलं. त्या बायकाही त्यांच्याकडेच बघत होत्या. आता कोणी हसत नव्हतं.

"आता आमी काय नाचाव?" त्यांच्यातली एक तरणी बाई म्हणाली.

 मैनाबाईंनी सूप पुढे ओढलं आणि त्या पुन्हा चिंचा फोडू लागल्या.

परत येताना नाल्यात मी सोमारीबाईंना विचारलं, "तुम्ही मुद्दाम चुकलात ना? त्यांना उठवायला?"

त्या पाण्यातच थांबल्या. "मुद्दाम? नाई वो बाई. आमाले खरंच येत नवतं." आणि खुशीत हसत पुढे गेल्या. त्यात मैत्री किती आणि चोरी किती, हे मला ठरवता आलं नाही. मृणालला विचारलं तर ती म्हणाली, "तू माझ्या हातांकडे बघायचीस ते कशासाठी?"

स्पर्धेचा दिवस

मधला दिवस मृणालच्या कामात गेला. ऐनाच्या झाडांखाली तिच्यामागे फिरताना मला कोसे दिसतच नव्हते; ती बोटानं दाखवायची तेव्हा पानांआड राखाडी अंड्यासारखा एखादा सापडायचा. नाल्यापलीकडून दुपारभर ढोल ऐकू येत होता. आम्ही गावात परतलो तेव्हा सोमारीबाई घरात कामं करत होत्या, पण ढोल थांबला की त्यांचा हात थांबायचा. "काहीतरी नवं करून राह्यली," त्या म्हणाल्या. माणूस पाठवून बघून यावं, असं कोणी सुचवलं तर त्याच्यावर खेकसल्या.

स्पर्धा बेलटोल्याच्या बोडीकाठी, दुपारी होती. बोडी म्हणजे शेताला पाणी देणारं छोटं तळं. तिच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दोन्ही गावांची माणसं बसली होती. निकाल देणारे रामजीभाऊ एका खाटेवर, डोक्याला पांढरा फेटा बांधून, कोणाशीही न बोलता बसले होते. दोन्ही गावांतून आलेले तांदूळ आणि कोंबड्या एका झाडाखाली ठेवल्या होत्या. त्या कोण शिजवणार हे ठरायचं होतं.

आधी बेलटोला. सोमारीबाईंचा आवाज दुपारच्या उन्हात धारदार लागला. पाय एकत्र पडत होते, आणि वळण आलं तेव्हा पाळीवरची माणसं उठून उभी राहिली. रांग फुटली, दोन्ही रांगा एकमेकींतून गेल्या, हात गुंफले. मुरमाटोल्याच्या पुरुषांनीही शिट्ट्या मारल्या. मला वाटलं, संपलं. सोमारीबाईंनाही तसंच वाटलं असावं. घाम न पुसता त्या छाती काढून उभ्या राहिल्या.

मग मुरमाटोला. बायका आल्या आणि त्यांच्या मध्ये, काठी टेकत, मैनाबाई. त्या मैदानाच्या बरोबर मधोमध थांबल्या. बाकीच्यांनी त्यांच्याभोवती रांग धरली. ढोल सुरू झाला तो वेगळा. एक ठोका पडायचा, दुसरा जरा उशिरा यायचा. आधी मला वाटलं वाजवणारा चुकला. मग मैनाबाईंनी चालायला सुरुवात केली. चांगला पाय पुढे, काठी, आणि मागून ओढत येणारा दुसरा पाय. ढोल त्यांच्या चालीवर वाजत होता. आणि सगळी रांग तेच करत होती. एक पाय पडायचा, दुसरा जमिनीवरून घासत, थोडा उशिरा, पण सगळ्यांचा एकदम यायचा. वाळलेल्या मातीवर तो घासण्याचा आवाज ढोलाइतकाच स्पष्ट होता. मैनाबाई गात होत्या. त्यांचा आवाज सोमारीबाईंसारखा नव्हता, जाड होता, पण त्या उशिरा येणाऱ्या पावलात तो बरोबर बसत होता. हळूहळू वेग वाढला. त्या वेगात तो थांबा सांभाळणं किती कठीण असेल, हे तत्कार करणाऱ्या माणसाला कळतं. शेजारी मृणाल बोटांवर मात्रा मोजत होती, तिनं मध्येच मोजणं सोडून दिलं.

पाळीवर कोणी शिट्टी मारली नाही. नाच थांबल्यावर जरा वेळानं आवाज झाला.

रामजीभाऊ खाटेवरून उठले, मुरमाटोल्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. निकाल एवढाच होता.

 झाडाखाली जाऊन सोमारीबाईंनी कोंबड्यांचे पाय सोडले आणि त्या कामाला लागल्या. चुलीपाशी त्यांची एक बाई काही समजूत घालायला गेली, तिला त्यांनी कांदे सोलायला बसवलं. मी मदत करू का विचारलं तर म्हणाल्या, "तुमी नाई हरल्या, तुमी बसा." राग खरा होता. एवढ्या वर्षांत अनेकदा हरूनही तो जुना झालेला दिसत नव्हता.

उन्हं उतरताना पंगत बसली. मुरमाटोल्याच्या बायका पळसाच्या पत्रावळी पुढे घेऊन बसल्या होत्या आणि मागून मागून घेत होत्या; भात आण, रस्सा आण, मीठ कमी आहे. हा हक्क त्या पुरेपूर वसूल करत होत्या. सोमारीबाई वाढत वाढत मैनाबाईंपाशी आल्या. कोंबडीचा मोठा तुकडा पत्रावळीवर टाकला, पण पुढे गेल्या नाहीत. पळी हातात तशीच.

"तो मागचा पाय," त्या म्हणाल्या. "ढोलाच्या आधी उचलतेस का नंतर?"

मैनाबाईंनी घास चावून संपवला. "त्याच्यासाठी पाय मोडा लागते," त्या म्हणाल्या. "सांगजो, आमच्या बांधावर ढकलून देतो तुले."

बाजूच्या बायका हसून लोळल्या. सोमारीबाई हसल्या नाहीत. "आधी का नंतर ते सांग," त्या पुन्हा म्हणाल्या.

"भात वाढ," मैनाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. सोमारीबाईंचा निरोप घ्यायला घरी गेलो तर त्या घरात नव्हत्या. सून म्हणाली, "गोटुलाकडं असन." गाडी तिकडे वळवली. पुंजण्यांवर दव होतं आणि धुकं अजून उठलं नव्हतं. मोकळ्या जागेत बेलटोल्याच्या बायका शाली गुंडाळून रांगेत उभ्या होत्या, ढोलवाला जांभया देत होता, आणि रांगेसमोर सोमारीबाई, दोन्ही पाय धडधाकट असलेल्या, एक पाय ओढत पुढे येत होत्या. मध्ये थांबत, मान हलवत, मागे जाऊन पुन्हा येत.

मृणालनं हॉर्न वाजवला. रांगेतल्या एका बाईनं आमच्याकडे पाहिलं, तर सोमारीबाई तिच्यावर ओरडल्या. आम्ही थोडा वेळ थांबलो. मग तशाच निघालो, कारण आमच्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती.